तीस दिवसांचं ताट

“मग माझं चुकलं तरी कुठं, मदर?”

क्लेमेन्सियानं विचारलं खरं, पण आपलं काही चुकलंय असं तिला मुळीच वाटत नव्हतं. नियमाला धरून वागणाऱ्या माणसाचा ताठा काही औरच असतो.

सहा-सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आल्प्सच्या पायथ्याशी ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता आणि क्लेमेन्सिया त्याची तरुण प्रमुख. त्या साली दुष्काळ पडला, पाठोपाठ तापाची साथ आली. खालच्या गावात माणसं पटापट मरू लागली. तिनं मठाचं दार लावून घेतलं आणि आतल्या वीस जणींना जगवलं. दगावली ती एकटी दार सांभाळणारी सिस्टर बेर्टा.

समोर मदर रिकार्डा बसल्या होत्या. आयुष्यात त्यांनी पाच मठ उभे केले, त्यातलाच हा एक. खेचरावरून चार दिवसांचा रस्ता तुडवून म्हातारी आली होती; तिच्यापुरतंच काय ते दार उघडलं होतं. नव्या, सहाव्या मठाची प्रमुख कोण, ते आज ठरायचं होतं. क्लेमेन्सिया मनात मांडे खात होती.

“नियम मोडला का मी?”

“नाही.”

“प्रार्थनेत खंड पडला?”

“नाही गं.”

“मग...?”

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

लांब मेजाशी जोगिणी बसल्या. एका रिकाम्या जागी लाकडी क्रूस होता, त्यापुढं ताट वाढलेलं. पाव आणि वाटाण्याचं कढण. रिकार्डांनीच घालून दिलेली रीत ती. सिस्टर वारली की तीस दिवस तिच्या जागी क्रूस ठेवून तिचं ताट वाढायचं आणि दाराशी आलेल्या भुकेल्याला द्यायचं.

“बेर्टाचं?”

“हो, मदर. एक दिवस चुकवला नाही.”

“जेवतं कोण?”

क्लेमेन्सिया अडखळली.

“दार बंद आहे ना... संध्याकाळी डुकरांना घालतो.”

भिंतीपलीकडून एक बाई हाका मारत होती, सकाळपासून. सगळ्यांना ऐकू येत होतं, पण एकीनंही मान वर केली नाही.

“ती कोण?”

“खालच्या गावची गवळीण. परवा पोर गेलं तिचं. बेर्टा चोरून द्यायची तिला... आपल्या वाटचं.”

“आणि बेर्टा कशानं गेली?”

“तापानं.” मग खाली बघत ती म्हणाली, “उपाशी होती, मदर.”

रिकार्डांनी चमचा खाली ठेवला.

“मी काय करायला हवं होतं?” क्लेमेन्सियाचा आवाज चढला. “दार उघडलं की ताप आत येणार. या सगळ्या मरतील. मी तुमचा मठ वाचवला, मदर.”

रिकार्डा उठल्या. मेजाला धरत धरत बेर्टाच्या जागेपाशी गेल्या. क्रूस उचलला, तशाच परत आल्या आणि तो क्लेमेन्सियाच्या ताटापुढं ठेवला.

तिला आधी लाज वाटली, मग भीती.

“मदर... मी जिवंत आहे.”

बाहेरची हाक आता बारीक झाली होती.

म्हातारीनं क्लेमेन्सियाचं ताट उचललं आणि तिच्याच हातात दिलं.

“आज पहिला दिवस,” त्या म्हणाल्या. “दार उघड.”