टिल्ली मुनिया आणि हिरव्यावरचा काटा

एक होती मुनिया. एवढीशी. नाव तिचं टिल्ली.

गच्चीला टेकलेलं लिंबाचं झाड. झाडावर टिल्लीचं घरटं. घरट्यात दोन अंडी.

गच्चीवर काकूंनी काकवीची वाटी ठेवली. टिल्लीने वाकून पाहिलं. जरा जास्तच वाकली. थपाक्!

बाहेर आली, पण पंख चिकटले. उडता येईना.

"अंडी माझी गार होतील! गरम पाण्याने काकवी सुटेल."

निघाली टिल्ली. टुणुक टुणुक टुणुक.

कोपऱ्यात होता सोलरचा नळ.

"नळोबा नळोबा, गरम पाणी देता का?
पंख माझे सुटेनात!"

नळ म्हणाला, "खर्र खर्र. नळी मला देईल, तर मी तुला देईन."

टुणुक टुणुक टुणुक.

"नळीताई नळीताई, नळाला पाणी देतेस का?
नळ मला देईना,
पंख माझे सुटेनात!"

नळी म्हणाली, "हूऽऽ. माझ्यात नुसती हवा. टाकी पाणी ढकलील, तर मी नळाला देईन."

टुणुक टुणुक टुणुक.

"टाकीमावशी टाकीमावशी, गरम पाणी ढकलतेस का?
नळी नळाला देईना,
नळ मला देईना,
पंख माझे सुटेनात!"

टाकी म्हणाली, "गुडुप गुडुप. पोटात गरम पाणी आहे गं. पण मागून गार पाणी यायला हवं. गार पाण्याच्या वाटेवर कचरा अडवणारी जाळी आहे. ती गार पाणी सोडील, तर मी गरम पाणी ढकलीन."

टुणुक टुणुक टुणुक.

"जाळीबाई जाळीबाई, गार पाणी सोडतेस का?
टाकी गरम पाणी ढकलीना,
नळी नळाला देईना,
नळ मला देईना,
पंख माझे सुटेनात!"

जाळी म्हणाली, "अं अं अं. तोंडात पाला, बोलू कशी? काका मला धुतील, तर मी गार पाणी सोडीन."

टुणुक टुणुक टुणुक.

हणमंतकाका खुर्चीत बसले होते. शाल पांघरून. दोन दिवस गार पाण्याने आंघोळ करून.

"काका काका, जाळी धुता का?
जाळी गार पाणी सोडीना,
टाकी गरम पाणी ढकलीना,
नळी नळाला देईना,
नळ मला देईना,
पंख माझे सुटेनात!"

काकांनी लांबूनच बोट दाखवलं. नळीवर होतं एक गोल घड्याळ. पाण्याचा जोर सांगणारं. त्यात हिरवा पट्टा आणि लाल काटा.

"काटा हिरव्यावर आहे. म्हणजे पाणी आहे. काटा खाली येईल, तर मी उठेन."

काकू म्हणाल्या, "मग त्या काट्यालाच सांगा पाठ चोळायला!"

टुणुक टुणुक टुणुक.

"काटेदादा काटेदादा, खाली येता का?
काका जाळी धुवेनात,
जाळी गार पाणी सोडीना,
टाकी गरम पाणी ढकलीना,
नळी नळाला देईना,
नळ मला देईना,
पंख माझे सुटेनात!"

काटा हळूच म्हणाला, "मी अडकलोय गं. दिवाळीपासून. सगळे मला बघतात. टिचकी कोणी मारत नाही."

"एवढंच ना? मी मारते!"

टुक! टुक! टुक!

काटा थरथरला. काटा सुटला. सर्रर्र... एकदम तळाला!

"अरेच्चा! पाणी नाही!" काका उठले.

"दोन दिवस मी काय सांगत होते?" काकू म्हणाल्या.

"तू सांगत होतीस. काटा कुठे सांगत होता?"

काकांनी जाळी धुतली. खस खस खस. निघाला पाला, निघाली वाळू, निघालं शेंगेचं टरफल.

जाळीने गार पाणी सोडलं. झुळझुळ.
टाकीने गरम पाणी ढकललं. गुडुप.
नळीतली हवा पळाली. फुस्स!
नळीने नळाला दिलं,
नळाने टिल्लीला दिलं. टप् टप् टप्.

पंख सुटले! फडफड फडफड, भुर्रर्र!

घरट्यात अंडी होती. अजून कोमट होती. टिल्ली वर बसली. पंख पसरून.

आणि काका? आता रोज काचेवर टिचकी मारतात. टुक टुक टुक. मग नळाखाली हातही धरतात.

टिल्ली बसली अंड्यांवर,
काटा बसला हिरव्यावर,
या वेळी खराखुरा.