दोन रेघांमधलं आभाळ

"मग चूक दाखवा ना, माई! कुठंय चूक?"

हर्षल वाकचौऱ्याने नकाशावर बोट आपटलं. टेबल हललं, चहाचा कप हलला. माई हलल्या नाहीत.

माई खर्डेकर म्हणजे माळावरच्या त्या फ्लाइंग क्लबच्या गुरू. अर्धा जन्म कपाशीवर औषध फवारत विमानात गेला. त्या औषधाने एक डोळा अधू केला तेव्हा खाली उतरल्या आणि पोरांना शिकवायला लागल्या. क्लबचा रिवाज एकच. विमानाची किल्ली माईंच्या कमरेला. कुठून जाणार ते आधी त्यांना नकाशावर दाखवायचं. पटलं तर किल्ली मिळते. नाही पटलं तर चहा प्यायचा आणि घरी जायचं.

हर्षलला लायसन मिळून वर्ष झालं नव्हतं. पण मान अशी ताठ, की टोपी पडली तरी वाकून उचलायचा नाही.

"हे बघा," तो म्हणाला. "उजव्या हाताला मोठ्या विमानतळाचं आभाळ. टॉवरने हो म्हटल्याशिवाय तिथं पाऊल टाकता येत नाही. डाव्या हाताला लष्कराचं रान. तोफा चालतात. तिथं तर विचारायचीही सोय नाही. आणि या दोघांच्या मधे..."

"फट," माई म्हणाल्या.

"वाट," हर्षल म्हणाला.

"बोटभर आहे."

"मला पुरते. मी काही भूपाल नाही. रेघेबाहेर चाकसुद्धा जाणार नाही माझं."

माईंनी नकाशावरून नजर उचलली.

भूपाल म्हणजे हर्षलच्या आधीचा चेला. माईंच्या हाताखालचा सगळ्यात तयार पोरगा. याच फटीतून कोकणात निघाला होता, तो परत आलाच नाही. क्लबातले लोक म्हणत, रेघ चुकला, तोफांच्या रानात शिरला, गोळा लागला. असं म्हटलं की माणसाला झोप लागते. तो चुकला म्हणून मेला. आपण चुकत नाही, म्हणजे आपण मरत नाही. झालं.

"टॉवरला का विचारत नाहीस?" माईंनी विचारलं. "तुमच्या आभाळाच्या कडेने जाऊ द्या म्हणावं."

"गरज काय? कुणाच्या पाया न पडता जाता येतंय की."

गरज होती आणि तोंडही होतं. पण मागच्या खेपेला टॉवरच्या माणसाने रेडिओवर त्याला झापलं होतं. 'आधी बोलायला शिका, मग उडा.' मोठमोठ्या विमानांचे पायलट हेडफोन कानाला लावून ऐकत होते, त्या सगळ्यांच्या समोर. तेव्हापासून हर्षल जीभ गिळेल, पण टॉवरला वाट मागणार नाही. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

"घाटावर ढग उतरले तर?"

"सकाळी लवकर निघतोय."

"ढगांना कळवलंस का तसं?"

हर्षल चिडला. "माई, चेष्टा नका करू. बाहेर अण्णा बसलेत."

बाहेर बाकावर त्याचा बाप बसला होता, निवृत्तीअण्णा. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, गाडीने घाट उतरायचा नाही असं डॉक्टरने बजावलेलं. आणि घाटाखाली, समुद्राकाठच्या गावात, त्यांची थोरली बहीण सगुणा शेवटच्या घटका मोजत होती. डोळे उघडले की एकच विचारायची, निवृत्ती आला का? अण्णांनी इस्त्रीचा सदरा आजच घालून बघितला होता. विमानापुढे फोडायचा नारळ मांडीवर धरून बसले होते. आल्यापासून एकच वाक्य बोलले होते, "बाळा, तोवर राहील ना रे ती?"

माई उठल्या.

"चल."

"किल्ली?"

"चल म्हटलं ना."

त्या त्याला हँगरमध्ये घेऊन गेल्या. एका बाजूला लाकडी घोड्यांवर विमानाचा पंख ठेवला होता. महादू मेकॅनिकने दुपारीच रंगवलेला, अजून ओला. दुसऱ्या बाजूला कुंपणासाठी आणलेल्या काटेरी तारेची भेंडोळी, पार छातीपर्यंत रचलेली. मधे बोळ. बोळ संपतो तिथं एका अंगाला ताडपत्री घातलेला ढीग, त्याला वळसा घातला की उघडं शटर, आणि बाहेर मावळतीचा उजेड.

"हात पसर," माई म्हणाल्या. "हे तुझे पंख. बोळातून जा आणि पलीकडून बाहेर पड. तारेला लागायचं नाही. रंगाला शिवायचं नाही, महादू आईमाई काढेल."

हर्षल हसला. "पोरखेळ आहे हा."

"मग खेळ की."

त्याने हात पसरले. इकडे तार, तिकडे रंग, दोन्हीकडे बोटांपुढे जेमतेम जागा. पण पोरगा नेमका होता, ते कबूल करायला हवं. सुतात चालल्यासारखा चालला. अर्ध्यात पोचला तेव्हा मागे न बघताच म्हणाला, "दिसतंय ना, माई?"

माईंनी शटरचा दोर सोडला.

धाडकन शटर खाली आलं. पुढचा उजेड गेला.

"माई!"

"ढग उतरले. वळ."

हर्षल थांबला. वळायला गेला तर डावा हात तारेत जात होता, उजवा रंगात.

"वळता येत नाही."

"मग?"

त्याने हात खाली घेतले.

"हात वर! विमान पंख मिटतं का रे, कोंबडीगत?"

पुन्हा हात पसरले. काळोखात नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता...

"उभा काय राहिलास? विमान आभाळात उभं राहत नाही."

पुढे दार आहेच, हर्षलने मनाशी म्हटलं. आत्ता तर बघितलं. सरळ जायचं, झालं. तो निघाला. एक पाऊल. आणखी एक. तिसऱ्याला गुडघा कशावर तरी असा आदळला की डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. तोंडातून शिवी गेली, पण हात पसरलेलेच.

माईंनी बॅटरी लावली. त्याच्या गुडघ्याकडे बघितलंही नाही. उजेड सगळा पंखावरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"रंगाला बोट नाही लागलेलं. शाबास."

हर्षलच्या विजारीतून रक्त झिरपत होतं.

"टेकला असतास हात, तर काय झालं असतं?"

"महादूने... शिव्या दिल्या असत्या."

"आणि?"

हर्षलने ओल्या रंगाकडे बघितलं.

"आणि काय?"

"आणि काही नाही."

तो ज्याच्यावर आदळला होता त्यावर ताडपत्री होती. धडकेने ती सरकली होती. भंगार पडलंय तिथं, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. बॅटरीच्या उजेडात एक पंखा दिसला, उन्हाने सुकलेल्या केळीच्या पानासारखा मागे वळलेला. त्यामागे विमानाचं नाक. नाक कसलं, नुसती घडी. घड्यांमधे लाल माती अडकलेली, घाटातली.

तोफेचा डाग मात्र कुठे नव्हता.

हर्षलने ताडपत्री नीट सारखी केली. बराच वेळ लावला त्याने त्याला.

ऑफिसात परत आल्यावर तो खुर्चीत बसला नाही. खोडरबर घेतलं आणि नकाशावरची आपली रेघ पुसली. मग फोन उचलला.

"टॉवरला वाट मागतो. कडेने जाऊ देतील."

"माग."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

"माई, आत्या थांबणार नाही."

"नाहीच थांबणार. तिच्यामागोमाग अण्णाला धाडायचंय का?"

बाहेर बाक करकरला. अण्णांनी ऐकलं असावं.

फोन लागला. आवाज तोच होता, झापणारा. हर्षलने नाव सांगितलं, विमान सांगितलं, 'विनंती आहे' असं दोनदा म्हणाला. ऐकून घेतलं. "हो, साहेब," म्हणाला आणि फोन ठेवला.

"सकाळी गर्दी आहे. जागा नाही. दुपारनंतर विचारा म्हणाले, मग बघतील."

माईंनी मान हलवली.

तो बाहेर गेला. काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. अण्णांचं एवढंच ऐकू आलं, "बरं." मग थोड्या वेळाने, "दुपारी विचार मग परत. सांभाळून बोल त्यांच्याशी." नारळ त्यांनी बाकावर ठेवला. रिकाम्या मांडीवर हात ठेवून माळाकडे बघत राहिले.

हर्षल लंगडत दारात आला. माई गार झालेला चहा पीत होत्या. किल्ली कमरेलाच होती.

"माई... भूपालला गोळा लागलाच नव्हता."

"नाही."

"मग चुकला कुठं तो? तोफांकडं, का विमानतळाकडं?"

माईंनी कप खाली ठेवला.

"चौकशी झाली त्याची. दोन्ही रेघांच्या मधोमध, फटीतच सापडला. निर्दोष सुटला."