हद्दपार झालेला शब्द

एका राज्यात राजा शूरध्वज नांदत होता. त्याला एकच पुत्र, मणिकांत, वय वर्षे पाच. राणी मृगावतीने त्याला जन्म दिला आणि केशर नावाच्या दाईने त्याला वाढवले.

वैशाखात त्याला युवराज करण्याचा सोहळा मांडला. होम पेटला, सूर्य माथ्यावर आला, मुहूर्त मात्र सांजेचा होता. तोवर युवराजाने पाण्याचा थेंब घेऊ नये असा विधी. केशर पुढे होऊन म्हणाली, "महाराज, बाळराजांना तहान लागली आहे."

राजा म्हणाला, "युवराजाला तहान लागत नसते."

दोनदा तिने पुन्हा सांगितले. दोनदा तेच उत्तर आले. चौथ्या वेळी शिपायांनी तिला मांडवाबाहेर काढले. मुहूर्त आला तेव्हा मुकुट घालायला मस्तक ताठ राहिले नव्हते. ऊन लागून बाळ गेले.

लोक कुजबुजू लागले, "राजाला पाप लागणार." ते कुजबुजणे राजाच्या कानी पडले. त्याने काळ्या डोंगरावरच्या भैरंभट मांत्रिकाला बोलावले. म्हणाला, "हा 'लागणे' शब्दच माझ्या राज्यातून काढून टाक. शब्दच नसेल तर पाप कशाने लागेल?"

मांत्रिकाने मंत्र म्हटला. लोकांच्या जिभेवरून शब्द उडाला, लोखंडी पेटीत जाऊन पडला. पेटी उचलून मांत्रिक चालता झाला.

पहिले दोन दिवस लोक हसले. पायाला ठेच लागेना, काटा लागेना, कुणाला कुणाचे बोलणे लागेना. तिसऱ्या दिवशी हसू विरले. दिवे लागेनात. दारे लागेनात, चोरांचे फावले. विहीर खणावी तर पाणी लागेना. पोटभर खावे तर अंगी लागेना. डोळ्याला डोळा लागेना. म्हातारी माणसे भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी मरत गेली.

केशर धाकट्या बहिणीच्या घरी राहत होती. बहीण नुकतीच बाळंत झाली होती. पण पोराला भूकच लागेना, ते छातीला लागेना. ओठ कोरडे, डोळे खोल. केशरने असे ओठ पूर्वी पाहिले होते. ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

कुंपणावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "केशर, शब्द मेलेला नाही. काळ्या डोंगरावरच्या गुहेत बंद आहे. तीन दिवसांची वाट आहे."

"भैरंभट मला तो देतील?"

"फुकट नाही देणार."

केशर निघाली. तीन दिवस चालली आणि गुहेत पोहोचली. भैरंभट पेटीवर हात ठेवून बसला होता.

"राजाज्ञेने बांधलेला शब्द आहे हा," तो म्हणाला. "सोडायला आज्ञा पुरत नाही. शब्द एक, पण माणसाच्या आत त्याची मुळे पुष्कळ. तीन मुळे तुझ्यातून उपटून दे. ती पुन्हा रुजायची नाहीत."

"पहिले कोणते?"

"डोळा लागतो ते. राज्य निजेल, तू निजणार नाहीस."

"घ्या."

मांत्रिकाने तिच्या पापण्यांवरून बोट फिरवले. पेटीची एक कडी गळून पडली.

"दुसरे, जिभेला गोड लागते ते."

"तेही घ्या." दुसरी कडी पडली. केशरच्या तोंडाला राखेसारखी कोरड आली आणि तशीच राहिली.

"तिसरे, लळा लागतो ते. राजपुत्राचा."

केशर मागे सरली. "माझी भूक घ्या. माझी दृष्टी घ्या. आयुष्याची वर्षे घ्या."

"ती मी मागितली नाहीत."

"महाराज, तेवढेच उरले आहे हो त्याचे माझ्यापाशी."

"म्हणून तर त्याला मोल आहे. नसेल द्यायचे, तर परत जा."

केशर खाली बसली. उन्हे कलली तरी बसून होती. बहिणीचे पोर आज सहा दिवस उपाशी होते. शेवटी तिने पदर दूर केला आणि छाती पुढे केली. मांत्रिकाने मूळ उपटले. ते खोल गेले होते, निघता निघेना. तिसरी कडी पडली, पेटी उघडली, शब्द वाऱ्यासारखा सुटला.

त्या घटकेला राज्यभर दिवे लागले. दारे लागली. बहिणीचे पोर भूक लागून मोठ्याने रडले आणि छातीला लागले. एका गल्लीत आगही लागली, दोन घरे जळाली. शब्द आला तो सगळा आला.

राजा दरबारात बसला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले. ते त्याने झाकले नाहीत. "मला पाप लागले आहे," तो म्हणाला. "युवराज तहानेने गेला. पाणी मी अडवले." त्याने मुकुट राणीच्या पायांशी ठेवला आणि अनवाणी वनात गेला. राणी गादीवर बसली. कोणत्याही मुहूर्ताआधी लेकराला पाणी, हा तिचा पहिला कायदा.

मग तिने केशरला बोलावून घेतले. दासींना बाहेर पाठवले.

"केशर, बस माझ्याजवळ. त्याच्यासाठी रडणाऱ्या या राज्यात आपण दोघीच."

राणी रडली. केशर बसून राहिली. तो कोणत्या कुशीवर निजे, कोणता दात आधी आला, सारे तिला आठवत होते. वाटेत भेटलेल्या कुणा प्रवाशाने आपल्या पोराविषयी सांगावे, तसे आठवत होते.

"तुझे डोळे कोरडे कसे?" राणीने विचारले.

केशरने गुहेत काय काय दिले ते सांगितले. एकही गोष्ट लपवली नाही.

"म्हणजे आता मी एकटीच," राणी म्हणाली.

"होय, राणीसाहेब."

केशर उठली. तिने राणीचे डोळे पुसले, अगदी नीट, परक्या बाईचे पुसावेत तसे.