वळणावरचा धोंडा

"तो धोंडा काय कुणाच्या बापाचा आहे, महाराज?"

मठाच्या ओट्यावर सोमगीरबाबा तंबाखू मळत राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"मग सुरुंग लावायला आडकाठी कसली?"

निरंजन दाबके इंजिनिअर हुशार, पण भारी हट्टी. वरच्या वाडीत पावसाआधी टाकी बांधून व्हायला हवी होती, नाहीतर बायका आणखी एक वर्ष डोंगर उतरून पाणी नेणार. आणि त्याचे वीस फुटी लोखंडी गज पायवाटेच्या वळणावर अडकत होते. एकीकडे दरी, दुसरीकडे छातीएवढा, वरून सपाट धोंडा. तो फोडायचं नाव काढताच हमालांनी सिमेंटची पोती खाली टाकली होती. बाबांशिवाय ते कुणाचं ऐकत नसत.

"गज कापून ने."

"नकाशात अखंड गज आहेत. डोंगरानं नकाशाप्रमाणे वागावं, नकाशानं डोंगराप्रमाणे नाही!"

"आणि सिमेंट?"

"नेतील की तुमची माणसं."

हमालांची म्होरकी ठकूबाई पुढे आली.

"धोंडा फुटला तर आमी न्हाई. पोती तुमीच वाहा, सायेब."

"वाहतो! त्यात काय मोठं?"

बाबा हसले नाहीत.

"द्या गं त्याच्या पाठीवर."

दोघी हमालणींनी पोतं उचलून दिलं. पहिला चढ निरंजननं रुबाबात चढला. दुसऱ्या चढाला रुबाब घामात वाहून गेला. तिसऱ्याला तो टेकायला जागा शोधू लागला.

"खाली टेकू नका हां," मागून ठकूबाई म्हणाली. "टेकलं की परत उचलून द्याया दोघं लागत्यात. आन आमी काय द्यायचो न्हाई."

बाबा काठी टेकत मागे येत होते.

...

वळण आलं. काय करतोय हे कळायच्या आत निरंजन पाठीनं मागे सरकला. पोतं धोंड्याच्या सपाटीवर टेकलं. उभ्याउभ्याच सगळा भार उतरला. इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच त्याला संताप आला.

सुंभ जळला, पण पीळ जाईना.

"तरी फोडणार," तो धापा टाकत म्हणाला. "आज. आत्ता!"

बाबांनी चंचीतून काडेपेटी काढून त्याच्यापुढे धरली.

...

"फोड की," ते म्हणाले. "आधी पाठ काढ."