सोमवारची वैरण

नदीकाठच्या एका बाजारगावात भिवजी नावाचा तेली गिरजाक्का या आपल्या थोरल्या विधवा बहिणीसह राहत असे. घाण्यावर तिळाचे तेल काढून तो गावाला विकी. कवड्या नावाचा त्याचा बैल घाणा ओढी आणि गिरजाक्का त्या बैलाची पोटच्या लेकरासारखी निगा राखी. त्या घराण्याची एक जुनी रीत होती. सोमवारी बैलाला जुंपायचे नाही. त्या दिवशी घाणा बंद असे आणि कवड्या चिंचेच्या सावलीत रवंथ करत बसे.

भिवजी प्रामाणिक होता आणि हिशेबाला चोख होता. त्या चोखपणाचा त्याला थोडा अभिमानही होता. वैरण, भाडे, गड्याचा पगार, तीळ असा महिन्याचा सगळा खर्च तो एकत्र मांडी, निघालेल्या तेलाच्या शेरांनी त्याला भागी आणि वर शेरामागे एक आणा नफा धरून भाव ठरवी. महिन्याला तीनशे शेर तेल खपे. शेरामागे खर्च सात आणे येई, भाव आठ आणे असे. सारे सुरळीत चालले होते.

पुढे पलीकडच्या आळीत दुसरा घाणा सुरू झाला आणि भिवजीचा खप दोनशे शेरांवर आला. त्याने भागाकार केला. खर्च शेरामागे आठ आणे भरला, म्हणून त्याने भाव नऊ आणे केला. तेव्हा आणखी काही गिऱ्हाइके गेली. खप दीडशे झाला, खर्च नऊ आणे आला, भाव दहा आणे झाला. अखेर खप शंभर शेरांवर येऊन थांबला आणि खर्च अकरा आण्यांना भिडला. भाव आणखी चढवण्याची सोय उरली नव्हती, म्हणून दहा आण्यांनाच विकून महिन्याला शंभर आणे तोटा होऊ लागला. भागाकार दर वेळी अचूक होता, तरीही भागाकारागणिक दुकान रिकामे होत होते.

गिरजाक्का म्हणाली, "भिवा, गिऱ्हाईक पळतंय म्हणून तू भाव वाढवतोस आणि भाव वाढला म्हणून ते आणखी पळतंय. शेवटी खपायला उरेल एक शेर, आणि त्याचा भाव सांगताना तुझीच जीभ अडखळेल."

"आक्का, तू वैरण बघ, हिशेब मी बघतो," भिवजी म्हणाला. "या हिशेबात चूक काढणारा अजून गावात जन्मला नाही."

त्याने ठरवले, येत्या गुरुवारच्या बाजारात कवड्याला विकायचे आणि घाणा कायमचा बंद करायचा. त्या दिवसापासून गिरजाक्का कवड्याच्या पाठीवरून जरा जास्त वेळ हात फिरवू लागली.

गुरुवारच्या आधीच्या सोमवारी भैरवनाथाच्या देवस्थानाचे कारभारी खंडेराव दारात आले. ते म्हणाले, "भिवजी, यात्रेला महिना उरला. दीपमाळेसाठी तीनशे शेर तेल हवं. नव्या घाण्याला सध्या उसंत नाही. पण वर्गणी बेताचीच जमली आहे. शेरामागे सात आण्यांवर एक पैसाही देता येणार नाही."

भिवजी खिन्नपणे हसला. "कारभारी, मला स्वतःला शेर अकरा आण्यांना पडतो. शेरामागे चार आणे तोटा म्हणजे तीनशे शेरांना बाराशे आणे! देवाच्या दिव्यात तेल घालता घालता माझ्याच घरात अंधार व्हायचा."

कारभारी उठू लागले. इतक्यात वैरणीची टोपली कमरेवर घेतलेली गिरजाक्का दारात थांबली.

"भिवा, आज किती शेर तेल निघालं रे?"

"आज सोमवार, आक्का. एक थेंबही नाही."

"आणि कवड्यानं वैरण किती खाल्ली?"

"रोजच्याइतकीच. सोमवार आहे म्हणून तो उपास थोडाच करतो?"

"बरं, घरमालक सोमवारचं भाडं सोडतो? गड्याचा पगार कापतोस?"

"नाही."

"मग आज तीळ किती लागले?"

"घाणाच फिरला नाही, तर तीळ कशाला—"

भिवजी बोलता बोलता थांबला. कारभाऱ्यांसमोर बहिणीला गप्प करणे सोपे होते आणि आपला हिशेब कधीच चुकत नाही, हा त्याचा तोरा त्यामुळे टिकलाही असता. क्षणभर त्याच्या मनात ते आलेही. पण त्याने कवड्याकडे पाहिले, हिशेबाची पाटी घेतली आणि सारे आकडे स्वतःच्या हाताने पुसून टाकले.

मग त्याने पाटीच्या मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला सोमवारीही चालू राहणारे खर्च लिहिले : वैरण, भाडे, गड्याचा पगार. ते महिन्याला सहाशे आणे भरले. तेल शंभर शेर निघो वा चारशे, हा आकडा हलत नव्हता. दुसऱ्या बाजूला शेरागणिक होणारा खर्च लिहिला. पेंडीची किंमत वजा जाता तीळ आणि वाहतूक मिळून तो शेरामागे पाच आणे आला. शेर वाढले की तो वाढे, घाणा थांबला की तोही थांबे.

"कारभारी, बसा," भिवजी म्हणाला. "तुमच्या शेराला माझे नवे पाच आणेच लागतात. तुम्ही देता सात."

"म्हणजे दोन आणे उरले," गिरजाक्का म्हणाली. "तीनशे शेरांसाठी कवड्या काही दुसरं पोट लावून येणार नाही."

तीनशे शेरांचे सहाशे आणे उरत होते. आजवर महिन्याला शंभर आणे तोटा येत होता. तो भरून पाचशे आणे नफा दिसू लागला. तरीही भिवजीने घाई केली नाही. घाणा महिन्याला चारशे शेर काढू शकतो, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना तेल कमी पडणार नाही आणि सोमवारही मोडावा लागणार नाही, याची त्याने आधी खात्री केली. मगच शब्द दिला.

गुरुवारी कवड्या बाजाराला गेला नाही. तो घाण्याला जुंपला गेला.

यात्रेच्या दिवशी तेलाचे बुधले गाडीत घालून कवड्यानेच देवळापर्यंत ओढले. त्याच्या शिंगांना गोंडे होते, पाठीवर झूल होती. लोकांनी त्याच्यावर गुलाल उधळला, हलगी कडाडली. गिरजाक्का गाडीच्या पुढे ताठ मानेने चालत होती. भिवजी सर्वांना सांगत होता, "तेल माझं, हिशेब आक्काचा!"

त्यानंतर भिवजीने गावासाठीचा भाव पुन्हा आठ आणे केला. दोन महिन्यांत जुनी गिऱ्हाइके परतली आणि खप पूर्ववत तीनशे शेर झाला.

तेव्हा एक व्यापारी आला आणि म्हणाला, "देवाला सात आण्यांनी दिलंस, मग सगळं तेल मलाच वर्षभर त्या भावानं दे. तीनशे शेर दरमहा घेतो."

भिवजीने या वेळी पाटीसुद्धा उचलली नाही. "शेटजी, तेव्हा बैल रिकामा उभा होता. आता तो रिकामा नाही. सगळं सात आण्यांनी दिलं, तर तीनशे शेरांत नेमकी वैरण, भाडं आणि पगार सुटेल. आम्ही दोघांनी काय खायचं?"

गिरजाक्का गोठ्यातून मोठ्याने हसली. "शिकला गं बाई माझा भाऊ!"

तो दिवस सोमवारचा होता. कवड्या चिंचेखाली बसून निवांतपणे वैरण खात होता आणि ती त्याला कोणी मोजून घातली नव्हती.

तात्पर्य: काम थांबले तरी न थांबणारा खर्च आणि कामागणिक वाढणारा खर्च यांच्यामध्ये जो रेघ ओढतो, त्याला कोणता सौदा घ्यावा आणि कोणता नाकारावा हे कळते, पण ती रेघ ओढण्यासाठी आधी आपलीच पाटी पुसण्याचे धैर्य लागते.