न तपासलेलं पोतं

आमचे राज्यपाल नेमिदासशेठ मूळचे तुरीचे व्यापारी. पोत्यात लोखंडी नळी खुपसून तळाची तूर पाहिल्याशिवाय आपण कधी माल घेतला नाही, हे ते राजभवनात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. मी त्यांच्या कार्यालयात नवीन. साधी घंटा वाजली तरी दचकायची.

एके दिवशी त्यांच्या आडतीवरचा जुना हमाल धोंडीआबा आला.

"शेठ, विद्यापीठातलं मुलींचं वसतिगृह बंद केलंत. माझी नात आता कुठं राहून शिकंल?"

"अरे धोंडी, फाईल तपासूनच आली असणार."

"माल इकणारा बी असंच म्हणायचा की."

शेठ भडकले. "मला शिकवतोस? चाळीस वर्षांत एक तरी पोतं नळी न घालता घेतलं का मी?"

"एकच, शेठ. गेल्या सोमवारी सही केलीत, ते."

शेठनी घंटा वाजवली. फाईल मागवून त्यांनी ती पहिल्यांदा वाचली आणि आदेश मागे घेतला. पण तोवर मुली ट्रंका घेऊन गावी गेल्या होत्या. आबाची नात काही परतली नाही.

ती फाईल मी आधीच वाचली होती. बोलायची भीती वाटली, म्हणून सहीच्या पानावर खुणेची चिठ्ठी लावून तेवढंच पान त्यांच्यापुढे उघडून धरलं होतं.