खांड्याची नवरी

डोंगरावर किल्ला होता, किल्ल्याखाली गाव होतं, आणि गावाच्या टोकाला, जिथे वाट संपून करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथे मामाच्या घरी आवडी राहत होती. तिला आई नव्हती, वडील नव्हते. मामाच्या घरी माणसं फार आणि भाकरी थोडी. शेवटची, करपलेली भाकरी आवडीच्या वाट्याला यायची. त्यातलीही एक कोर ती अंगणातल्या चिमण्यांना घालायची. चिमण्या चिवचिवत नाचायच्या आणि तिच्या पोटातली भूक थोडा वेळ गप्प बसायची.

आवडी मोठी झाली, शहाणी झाली. एक दिवस किल्ल्यावरच्या शिलेदारांच्या घरातून तिला मागणी आली. मुलाच्या आईने तिला नदीवर पाहिलं होतं. स्वतःच्या आधी एका म्हातारीची घागर भरून देणारी मुलगी तिला आवडली. मुलाचं नाव मानाजी. तो दूर सरहद्दीच्या ठाण्यावर पहारा देत होता आणि त्याला घरी यायची परवानगी नव्हती. पण मुहूर्त टळू नये म्हणून त्या काळी एक रीत होती. नवरदेव येऊ शकला नाही, तर त्याचा खांडा, म्हणजे रुंद पात्याची तलवार, मांडवात आणायची आणि नवरीचं लग्न त्या खांड्याशी लावायचं.

तसंच झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा आवडीसमोर कुणाचे डोळे नव्हते. लाल शेल्यात गुंडाळलेला, मुठीला मोत्यांच्या मुंडावळ्या बांधलेला एक खांडा पाटावर होता. तिने त्यालाच हार घातला.

सासर मायेचं होतं. सासूबाई बोलायला फटकळ, पण ताटात तूप वाढताना हात आखडत नसत. धाकटी नणंद गोदा दिवसभर चिडवायची. "वहिनी, दादा म्यानातून काय म्हणतो गं?" असं विचारून पळून जायची. आवडी हसायची. पण घर सामसूम झालं की ती खांडा पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि हळूच त्याच्याशी बोलायची. आज परसात शेवंतीला कळ्या आल्या. आज मामाच्या घरची आठवण आली. तुम्ही कसे दिसता? तुम्हाला गोड आवडतं की तिखट? खांडा चमचम चमकायचा, पण बोलायचा नाही. डोंगरापलीकडून येणाऱ्या वाटेवर धूळ उडाली की तिचं काळीज लकलकायचं, आणि दर वेळी ती धूळ गुरांची निघायची.

आणि मग आश्विन महिन्यात मानाजी खरंच आला.

उंच, सावळा, थकलेला. खांद्यावरच्या शेल्यात त्याने उजवा हात लपेटून घेतला होता. थोडं खरचटलंय, एवढंच तो आईला म्हणाला. आवडीशी तो बोललाच नाही. ती वाढायला आली की ताट घेऊन गोठ्याकडे जायचा आणि एकटा जेवायचा. तिने जाई-जुईच्या पाकळ्या घालून विडा केला आणि हात पुढे केला, तर खाली बघत म्हणाला, "ठेव तिथे." निजायलाही तो ओसरीवरच आडवा व्हायचा.

आवडीच्या मनात काटा रुतला. आपण गरीब, पोरक्या. आईने निवडलेली ही नवरी त्याला नको असेल. आणि दसरा तर जवळ आला होता. त्या घराची रीत अशी, की दसऱ्याच्या शस्त्रपूजेत नवरीने खांडा नवऱ्यासमोर धरायचा आणि त्याने तो उजव्या हाताने उचलून कपाळाला लावायचा. मग लग्न पुरं झालं. त्याने उचलला नाही, तर नवरी माहेरी परत. आवडीला माहेर तरी कुठे होतं? पण तिला त्याचं एवढं दुःख नव्हतं. ज्याची इतकी वाट पाहिली, तो जवळ येऊनही दूरच राहिला, हे तिला सोसत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कोवळ्या उन्हात, ती परसात झाडांना पाणी घालत होती. दोडक्याच्या मांडवावर कोळ्याचं जाळं दवाने लखलखत होतं आणि त्यात काहीतरी फडफडत होतं. आवडीने वाकून पाहिलं. एक इवलीशी परी. पंख मोरपिशी, झगा शेवंतीच्या पाकळीसारखा पिवळाधमक, पायांत मोहरीएवढे घुंगरू. आवडीने गवताची काडी घेतली आणि एकेक धागा अलगद बाजूला करून तिला सोडवलं.

"जाळं तोडलं असतंस तर लवकर झालं असतं," परी म्हणाली.

"ते कोळ्याचं घर आहे," आवडी म्हणाली.

परी गोड हसली. आवडीचे ओले डोळे तिला दिसले होते. तिने पंखाखालून एक चिमुकली रुपेरी कळी काढली. मानाजी झोपलेला असताना ही उशाशी ठेव आणि हिला उमल म्हण, ती म्हणाली, म्हणजे त्याच्या मनातलं सगळं तुला ऐकू येईल.

"पण एक अट आहे. असं चोरून ऐकलेलं तो स्वतःच्या तोंडाने तुला कधीच सांगणार नाही. आणि संध्याकाळपर्यंत कळी मला परत हवी."

दुपारी मानाजी ओसरीवर झोपला होता. आवडीने कळी त्याच्या उशाशी ठेवली. पहिल्यांदाच ती त्याला डोळे भरून बघत होती. नाक अगदी गोदासारखं. भुवईजवळ एक छोटासा तीळ. ओठांवर शब्द आला, उम... आणि तिथेच थांबला. झोपलेल्या माणसाच्या मनात शिरायचं म्हणजे मागच्या दाराने घरात शिरायचं. आणि मग जन्मभर समोरचं दार बंद. तिला त्याच्या मनातलं तर हवंच होतं, पण त्याच्या आवाजात हवं होतं. तिने कळी उचलून पदराच्या गाठीत बांधली आणि तो जागा होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

तो दचकून उठला.

"मी तुम्हाला काही विचारणार नाही," ती म्हणाली. "माझंच सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं. करपलेल्या भाकरीचं, वाटेवरच्या धुळीचं. खांड्याशी रोज बोलायची, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "खांड्याची भीती वाटली नाही कधी. तुमची वाटते. मी तुम्हाला नको आहे असं वाटतं."

मानाजीने शेला बाजूला केला. मनगटापासून बोटांपर्यंत जखमेचा व्रण होता आणि हात सुकलेल्या पानासारखा मिटलेला.

"या हाताला ऊन कळत नाही, गारवा कळत नाही," तो म्हणाला. "भाकरीचा तुकडा मोडत नाही, खांडा कुठला उचलणार? तुझं लग्न त्या खांड्याशी लागलं, आवडे. मी काही त्याच्या तोलाचा राहिलो नाही."

"हार खांड्याला घातला," आवडी म्हणाली, "पण वाट तुमची पाहिली."

त्याने सरकून तिला जागा करून दिली. मग दोघं पहिल्यांदा शेजारी बसली आणि ऊन कलेपर्यंत बोलत राहिली. उद्या मूठ मी धरते, तुम्ही माझ्या हातावर हात ठेवा, असं आवडीने सुचवलं. त्यानंतर मानाजीने आईलाही हात दाखवला. सासूबाई आधी रडल्या आणि मग लपवलं म्हणून चांगल्या रागावल्या.

संध्याकाळी आवडीने मिटलेली कळी परीला परत दिली.

"न उमलवताच? मग आता माग काहीतरी."

आवडीने मानाजीचा हात बरा व्हावा असं मागितलं. परीने मान हलवली. "शस्त्र पेलायचं बळ माझ्यापाशी नाही. मी फुलांची परी. फुलाला जेवढं कळतं, तेवढंच मी देऊ शकते," असं म्हणून ती पानांआड गेली.

दसऱ्याची सकाळ सोन्यासारखी पिवळी उगवली. दाराला झेंडूची तोरणं, अंगणात रांगोळी, पाटावर शस्त्रं. आवडीने खांड्याची मूठ धरली. मानाजीने तिच्या हातावर आपला मिटलेला हात ठेवला. मानाजीचे चुलते पुढे होऊन म्हणाले, रीत उजव्या हाताची आहे.

"उजवाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याखाली कुणाचा आहे ते तुम्ही बघू नका, भाऊजी."

दोघांनी मिळून खांडा उचलला आणि कपाळाला लावला. तेवढ्यात तोरणातल्या झेंडूंमध्ये एक रुपेरी कळी आपोआप उमलली. ती फक्त आवडीला दिसली. मोरपिशी पंख क्षणभर चमकले, घुंगरू किणकिणले, आणि परी उजेडाची धूळ होऊन उन्हात विरघळून गेली.

मानाजी एकदम थबकला. त्याची मिटलेली बोटं आवडीच्या हातावर हळूच हलली.

"आवडे," तो तिलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "तुझा हात किती गार पडलाय गं."